कडेची पट्टी आणि पुढचें काम

संसारांत काम करणाऱ्या माणसांची वाण फारशी नसते. वाण असते ती कामाची आठवण ठेवणाऱ्याची. विजेचें बिल, मामंजींची रक्तदाबाची गोळी, धाकट्याच्या परीक्षेची फी, आत्याबाईंच्या डोळ्यांची तपासणी आणि आजोबांचें श्राद्ध, एवढीं भिन्न प्रकृतीचीं कामें बहुतेक घरांत एकाच बाईच्या डोक्यांत बिनबोभाट वस्तीला असतात. ती बाई चार दिवस अंथरुणाला खिळली म्हणजे मग घराला उमगतें कीं, ज्याला आपण घराची व्यवस्था म्हणत होतों ती वस्तुतः एका माणसाची स्मरणशक्ति होती.

हा भार वांटून घेण्याची एक लहानशी यांत्रिक युक्ति या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावयाची आहे. संगणकाच्या पडद्याच्या वरच्या किंवा खालच्या कडेला जी अरुंद पट्टी असते, जिच्यावर घड्याळ आणि विजेचा सांठा दिसतो, तिच्यावरच आपलें पुढचें काम आपोआप उमटावें अशी ती युक्ति. विषय तरुणांचा दिसतो खरा. परंतु त्यांत यंत्राचा भाग थोडा आणि विवेकाचा भाग फार आहे, आणि विवेकाचा भाग वडील माणसांनींही पाहावयास हवा.

पूर्वीं लग्नघरीं घटिकापात्र मांडीत. पाण्यावर ठेवलेली ती सच्छिद्र वाटी बुडाली कीं चोवीस मिनिटांची एक घटका भरली. त्या वाटीचा मोठा गुण असा कीं, ती कोणाच्या अंगावर ओरडत नसे. ज्याला वेळ पाहावयाची असेल त्यानें मान वळवून पाहावी. हल्लींच्या फोनची रीत याच्या अगदीं उलट आहे. तो खणखणतो, थरथरतो, हातांतल्या कामाच्या मधोमध येऊन उभा राहतो. आणि दिवसांतून पन्नास वेळां असें झालें म्हणजे माणूस त्याचा आवाजच बंद करून टाकतो. मग खऱ्या कामाची सूचनाही त्या मौनांत बुडते. कडेची पट्टी घटिकापात्राच्या जातीची आहे. ती बोलावीत नाहीं, ती असते.

ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळांत जन्मलेल्या युनिक्स या प्रणालीची सातवी आवृत्ति १९७९ सालीं निघाली, तिच्यांत ‘कॅलेंडर’ नांवाची एक आज्ञा होती. आपल्या कामांची यादी एका साध्या फायलींत लिहून ठेवावी. आज्ञा दिली कीं आजची अथवा उद्यांची तारीख ज्या ओळींत असेल तेवढ्याच ओळी ती काढून दाखवी. आठवड्याच्या अखेरीस ‘उद्यां’ची मर्यादा सोमवारपर्यंत वाढवावी, एवढें व्यवहारज्ञानही तिला दिलेलें होतें. आज आपण जें करणार आहोंत तें या जुन्या आज्ञेचेंच पुढचें पाऊल होय.

उदाहरणासाठीं एकच रचना घेऊं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टनें थांबविला. त्यामुळें धडधाकट असूनही मागें पडलेले संगणक पुष्कळ घरांत आहेत, आणि त्यांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली सुखानें चालूं शकते. लिनक्सवर खिडक्यांची मांडणी करणारा ‘आयथ्री’ नांवाचा एक कार्यक्रम आहे. मायकेल स्टापेलबर्ग या जर्मन प्रोग्रामरनें तो २००९ सालीं सुरू केला. त्याच्या पट्टीचा करार अगदीं सरळ आहे: एखादा कार्यक्रम जी ओळ छापील ती पट्टीवर उमटेल. ‘आयथ्रीब्लॉक्स’ नांवाचा त्याचा एक सोबती आहे. कोणती आज्ञा चालवावयाची आणि किती सेकंदांनीं ती पुनः चालवावयाची, एवढ्या दोन गोष्टी त्याला सांगितल्या कीं तो ठरल्या वेळीं आज्ञा चालवून तिचें उत्तर पट्टीवर मांडतो. आपल्या कामाला साठ सेकंद पुरेसे आहेत. ज्यांच्या घरीं निराळी प्रणाली असेल त्यांना आज्ञांचीं नांवें निराळीं लागतील. तत्त्व बदलत नाहीं.

आतां कामांची नोंद कोठें असते तें पाहूं. संगणकाच्या जगांत दिनदर्शिकेसाठीं ‘आयकॅलेंडर’ नांवाचा एक सर्वमान्य मसुदा आहे. तो १९९८ सालीं प्रथम ठरला आणि २००९ सालीं सुधारून पुनः प्रसिद्ध झाला. त्यांत दोन नोंदींचा भेद फार शहाणपणानें केलेला आहे. एक ‘इव्हेंट’, म्हणजे प्रसंग. त्याला आरंभकाल असतो, आणि तो आपली वाट न पाहतां येतो नि जातो. दुसरी ‘टुडू’, म्हणजे कर्तव्य. त्याला मुदत असते, आणि आपण केल्यावांचून तें संपत नाहीं. दुपारीं साडेचारची दंतवैद्यांची भेट हा प्रसंग. पंधरा तारखेच्या आंत बिल भरणें हें कर्तव्य. पुष्कळ लोक दोन्ही एकाच जागीं लिहितात, आणि मग पंधरा तारीख उलटली कीं न भरलेलें बिल यादींतून गुपचूप नाहींसें होतें. म्हणून प्रसंग वाचण्यासाठीं ‘खाल’ आणि कर्तव्यें वाचण्यासाठीं ‘टुडूमॅन’ असे दोन निरनिराळे कार्यक्रम लिनक्सवर आहेत. दोघेही आपल्याच संगणकावरील साध्या फायली वाचतात. प्रत्येक नोंदीची एक स्वतंत्र फाइल असते.

स्क्रिप्ट म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून, एरवीं ज्या आज्ञा आपण एकामागून एक हातानें टंकल्या असत्या त्या एका फायलींत ओळीनें लिहून ठेवणें होय. आपल्या स्क्रिप्टचीं कामें पांच.

पहिलें काम वस्तुतः तिच्याबाहेर ठेवावयाचें. घरांतील सर्वांची सामाईक दिनदर्शिका दूरच्या सेवायंत्रावर असते. ती आपल्या संगणकावर उतरवून घेण्याचें काम ‘व्हीडर-सिंकर’ हा कार्यक्रम करतो. त्याला दर पंधरा मिनिटांनीं स्वतंत्रपणें चालवावें, आणि तो यशस्वी झाला तरच त्या वेळेची नोंद एका लहानशा फायलींत करावी. पट्टीच्या स्क्रिप्टनें स्वतः जाळ्यावर कधीं जाऊं नये. ती दर मिनिटाला चालणार; जाळें मंद असेल त्या दिवशीं ती अडकून बसेल आणि जुनीच ओळ पट्टीवर लटकत राहील.

दुसरें काम, ‘खाल’ला विचारणें: या क्षणापासून चोवीस तासांत सुरू होणारे प्रसंग कोणते? वेळ आणि मथळा एवढेंच सांग, दिवसाचें शीर्षक नको. तिसरें, उत्तरांतून पहिली योग्य ओळ निवडणें. चौथें, त्या प्रसंगाला किती मिनिटें उरलीं तें काढणें. संगणक कालगणना १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून सेकंदांत करतो. प्रसंगाचे सेकंद वजा आतांचे सेकंद, भागिले साठ, इतकें हें त्रैराशिकाहूनही सोपें गणित आहे. पांचवें, ओळ छापणें: ‘१६:३० दंतवैद्य, ४० मिनिटें’. दहा मिनिटांहून कमी उरलीं असतील तर स्क्रिप्टनें संपतांना ३३ हा अंक परत द्यावा. आयथ्रीब्लॉक्सशीं असा संकेतच ठरलेला आहे कीं, हा अंक आला म्हणजे तेवढा भाग तातडीचा समजून ठळक रंगांत दाखवावयाचा.

कर्तव्यांसाठीं हेंच ‘टुडूमॅन’ला विचारावें, पण त्यांची ओळ लांबवूं नये, मुदत आज संपणाऱ्या किंवा उलटलेल्या कामांची केवळ संख्या द्यावी. पट्टीवर पुढचा प्रसंग एकच असावा, हा माझा आग्रह आहे. पांच कामें एका ओळींत कोंबलीं कीं ती पट्टी राहत नाहीं, यादी होते. आणि यादी डोळ्यांपुढें सतत असली म्हणजे डोळा ती वाचीनासा होतो. वर्गाच्या भिंतीवर लावलेल्या सुविचारांची जी गत होते तीच तिची होते.

एवढें झालें कीं पट्टी चालूं लागते. परंतु आपल्या घरांत ती आणतांना चार अडचणी ठेवलेल्याच आहेत.

पहिली अडचण दिवसभराच्या नोंदींची. ‘सुमतीचा वाढदिवस’ किंवा ‘एकादशी’ यांना घटकेचें बंधन नसतें. त्या यादीच्या अग्रभागीं बसतात. स्क्रिप्टनें डोळे मिटून पहिली ओळ उचलली, तर सकाळपासून रात्रीपर्यंत पट्टीवर वाढदिवसच दिसत राहील आणि त्याच्याआड दहा वाजतांची मुलाखत झांकली जाईल. म्हणून ज्या ओळीच्या आरंभीं वेळ नाहीं ती निवडीतून वगळावी, आणि अशा दिवसासाठीं पट्टीच्या टोंकाला एखादें लहानसें चिन्ह ठेवावें.

दुसरी अडचण आपल्या लिपीची. मथळा लांब असेल तर तो तोडावा लागतो, आणि येथें यंत्राचें अक्षरगणित नि आपलें अक्षरगणित यांचा मेळ बसत नाहीं. ‘श्राद्ध’ हा शब्द आपल्या दृष्टीनें दोन अक्षरांचा. युनिकोड या सांकेतिक लिपींत त्याचे श, हलन्तचिन्ह, र, काना, द, हलन्तचिन्ह, ध असे सात घटक होतात. आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतींत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट जागा घेतो, म्हणजे एकूण एकवीस. ‘कट’ नांवाची जुनी आज्ञा पुष्कळ संगणकांवर अक्षरें न मोजतां बाइट मोजते. तिनें मधेंच कातर चालविली कीं शेवटीं अक्षर न राहतां निरर्थक चौकोन उरतो. उपाय व्याकरणशुद्ध आहे: तोडावयाचें तें शब्दाच्या सीमेवरच तोडावें. त्याहून उत्तम उपाय म्हणजे नोंद करणारानेंच मथळा दोनतीन शब्दांचा ठेवावा. सूत्रकारांनीं मात्रा वाचविण्यांत जो आनंद मानला तो येथें उपयोगी पडतो. तसेंच पट्टीच्या अक्षरलेखनासाठीं आयथ्रीच्या मांडणींत ‘पँगो’ ही पद्धति निवडून देवनागरीचा टंक नेमून द्यावा, म्हणजे जोडाक्षरें जुळलेलीं दिसतात.

तिसरी अडचण परदेशीं गेलेल्या मुलांची. न्यूयॉर्ककडील मुलगी दर रविवारीं तिच्या सकाळीं सात वाजतां घरीं बोलते असें समजा. हिंवाळ्यांत तेव्हां आपल्याकडे सायंकाळचे साडेपांच झालेले असतात. परंतु मार्चच्या दुसऱ्या रविवारीं तेथें घड्याळें एक तास पुढें करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं मागें घेतात. मधल्या काळांत तिचे सात म्हणजे आपले साडेचार. नोंद ‘साडेपांच, भारतीय वेळ’ अशी केली असेल तर आठ महिने घर तासभर उशिरा जमेल. नोंद करतांना कालविभाग न्यूयॉर्कचा लिहावा. रूपांतर यंत्रानें करावें. ज्याच्या घड्याळानें गोष्ट ठरली त्याच्याच घड्याळानें ती लिहावी, हा नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

चौथी अडचण सर्वांत मोठी, आणि ती तिथीची. ‘दर वर्षीं पुनः’ असें सांगितलें कीं यंत्र इंग्रजी तारखेनें वर्ष मोजतें. गणेशचतुर्थी २०२२ सालीं ३१ ऑगस्टला होती. २०२३ सालीं अधिक श्रावण आल्यामुळें ती १९ सप्टेंबरला गेली, २०२४ सालीं ७ सप्टेंबरला आणि २०२५ सालीं २७ ऑगस्टला आली. सण चुकणार नाहीं. त्याची वर्दी सारा गांव देतो. परंतु घरच्या श्राद्धतिथीची वर्दी कोणी देत नाहीं. तारखेनें लिहिलेलें श्राद्ध दुसऱ्याच वर्षीं भलत्या दिवशीं पडतें, आणि पट्टी तें ठाम आत्मविश्वासानें दाखविते.

या उणिवेची जाणीव मसुदाकारांनाही झालेली आहे. २०१५ सालीं आयकॅलेंडरला एक पुरवणी जोडण्यांत आली; तिच्यामुळें चिनी, हिब्रू, इथिओपी अशा कालगणनांनुसार पुनरावृत्ति लिहितां येते. परंतु आपली तिथि ही दिवसाची अनुक्रमसंख्या नव्हे. ती चंद्रसूर्यांच्या अंतरावरून ठरते, तिचा क्षय होतो, वृद्धि होते, आणि श्राद्धाला तर सूर्योदयाची तिथि न पाहतां अपराह्णीं व्याप्त असलेली तिथि पाहावी लागते. हा निर्णय पंचांगानेंच करावयाचा. म्हणून यंत्राला तिथि शिकविण्याच्या भरीस न पडतां, पाडव्याला आपण पंचांगश्रवण करतों त्याच दिवशीं घरांतील एका वडील माणसानें आणि एका तरुणानें अर्धा तास शेजारीं बसावें. वडिलांनीं पंचांग पाहून वर्षाच्या तिथि वाचाव्या, तरुणानें त्या त्या वर्षापुरत्या तारखेनें लिहाव्या, आणि अखेरीस पुढच्या पाडव्याची नोंद करून त्यापुढें ‘तिथि पुनः लिहिणें’ असें नमूद करावें.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. माझ्या एका आप्ताच्या घरीं अशी पट्टी मोठ्या कौतुकानें बसविली होती. पुढें सेवायंत्रावरचा परवलीचा शब्द कोणी बदलला, आणि दिनदर्शिका उतरणें बंद पडलें. जुन्या नोंदी संपत गेल्या आणि पट्टी कोरी झाली. कोरी पट्टी पाहून घर निश्चिंत झालें. ‘या आठवड्यांत कांहीं नाहीं बरें का’ असें जो तो म्हणूं लागला. नवव्या दिवशीं रुग्णालयांतून विचारणा आली कीं, आजीबाईंना शस्त्रक्रियेपूर्वींच्या तपासणीला कां आणलें नाहीं. फोनवरच्या सूचना तर पट्टी आहे म्हणून सर्वांनींच बंद केल्या होत्या. पट्टी नसती तर एखाद्याला तरी आठवलें असतें.

भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानिलें आहे. भूतलावर घट दिसत नाहीं, त्यावरून घट नाहीं असें कळतें. पण त्याला एक अट आहे: घट असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिति पाहिजे. तीच योग्यानुपलब्धि. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं म्हणून घटाचा अभाव सिद्ध होत नाहीं; फक्त अंधार सिद्ध होतो. त्या घरांत नेमकें हेंच झालें. पट्टीचा दिवा विझला होता, आणि सर्वांनीं तो कामांचा अभाव समजला.

म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्या मुलांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, पट्टी कोरी ठेवूं नका. तिच्या तीन अवस्था असाव्या आणि तिन्ही शब्दांनीं बोलाव्या. काम असेल तर काम दाखवावें. काम खरोखरच नसेल तर ‘उद्यांपर्यंत कांहीं नाहीं’ असें स्पष्ट लिहावें. आणि दिनदर्शिका यशस्वीपणें उतरल्याची जी वेळ आपण पहिल्या कामांत नोंदून ठेविली, ती दोन तासांहून जुनी असेल, किंवा ‘खाल’ची आज्ञाच फसली असेल, तर ‘पंचांग शिळें आहे’ असें तातडीच्या रंगांत सांगावें. या तपासणीला स्क्रिप्टमध्यें चारपांच ओळी लागतात. पुढचें काम काढणाऱ्या साऱ्या ओळींपेक्षां या चारपांच ओळींचें मोल अधिक आहे; कारण ज्या साधनावर घर विसंबतें त्याला आपलें अज्ञान सांगतां आलेंच पाहिजे. विद्यार्थ्याचें ‘ठाऊक नाहीं’ हें उत्तर मला चुकीच्या उत्तरापेक्षां नेहमीं अधिक आशाजनक वाटत आलें आहे, तें याच कारणानें.

आणखी एक सावधगिरी. हल्लीं कचेरीच्या सभा पडद्यावर होतात आणि पुष्कळदां आपला पडदा सर्वांना दाखवावा लागतो. त्याबरोबर पट्टीही दिसते. कोणाचें औषध, कोणाचें देणें, कोणाच्या मुलीला पाहावयास येणार, या गोष्टी चारचौघांत झळकूं नयेत; अशा नोंदींचा मथळा घरच्यांनाच कळेल असा मोघम ठेवावा.

आतां ज्या बाईपासून आरंभ केला तिच्याकडे पाहूं. पट्टी संगणकावर बसणारांच्या डोळ्यांपुढें असते. स्वयंपाकघरांत ती नसते. आपण सावध न राहिलों तर असें होईल कीं, जिनें आजवर साऱ्या घराची आठवण वाहिली तिलाच उद्यां काय आहे हें विचारण्यासाठीं मुलांच्या मागें फिरावें लागेल. भार हलका करतांना अधिकारही काढून घेतला, असें होतां कामा नये. सुदैवानें ‘खाल’ला सात दिवसांचे प्रसंग आणि ‘टुडूमॅन’ला उरलेलीं कर्तव्यें विचारतां येतात. दर रविवारीं सायंकाळीं ती यादी मोठ्या टंकांत कागदावर छापून फळीशेजारीं लावावी, आणि शेजारीं दोऱ्याला एक पेन्सिल बांधून ठेवावी. तिला जें सुचेल तें तिनें कागदावर लिहावें. रात्रीं कोणीतरी मुलानें तें दिनदर्शिकेंत चढवावें. हें चढविण्याचें काम पाळीपाळीनें घरांतल्या प्रत्येकाकडे गेलें पाहिजे, मुलग्यांकडे आणि जावयांकडेही. स्क्रिप्ट एकदां लिहिली कीं झालें. पेन्सिलीनें लिहिलेलें वाचावयास मात्र रोज कोणीतरी उठून स्वयंपाकघरांत जावें लागेल.